काठोकाठ पाणी

मासे वर आले होते. सगळेच्या सगळे. काचपेटीतल्या पाण्याला ओठ लावून इवलाली तोंडं उघडत होते, मिटत होते.

व्हर्न खुर्ची ओढून समोर बसला. बऱ्याच दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. दुपारी शेजारचा डार्सी गावातून टँकर घेऊन आला होता आणि त्यानं पन्हाळीखालची पत्र्याची टाकी गळ्यापर्यंत भरून दिली होती. कशाला एवढं, असं व्हर्न म्हणायला गेला, तर डार्सी म्हणाला, म्हाताऱ्या, कपभर पाण्यात तू अंघोळ करतोस की नुसती आठवण काढतोस, ते तरी सांग.

ह्या घराच्या नळाला आजवर आभाळाचंच पाणी. छपरावर पडायचं, पन्हाळीतून टाकीत उतरायचं, टाकीतून नळाला यायचं. मग आभाळानं तोंड फिरवलं. टाकीवर टिचकी मारली की ती पोकळ वाजू लागली. गुरं विकून झाली, कुत्रं म्हातारपणानं गेलं. घरात जिवंत म्हणावं असं उरलं ते एवढंच, त्याच्या बायकोचे, थेल्माचे, निळ्या डोळ्यांचे मासे.

ती असताना त्यानं त्यांच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. ती दूर टूवूम्बा शहरातल्या दवाखान्यात पडली आणि तिथून फोनवर एकेक गोष्ट सांगत गेली. खाणं सुरीच्या टोकावर मावेल एवढंच. स्पंज त्यांच्याच पाण्यात हलका पिळायचा, लख्ख करायचा नाही, त्या मळावरच त्यांचं पाणी निरोगी राहतं. रविवारी बादलीभर जुनं काढायचं आणि ताजं घालायचं. नळाचं चालेल ना, की उकळून गार करू, असं त्यानं विचारलं तेव्हा ती हसली, मग बराच वेळ खोकली.

"अरे, आपलं पाणी गोड आहे. डोळे मिटून घाल."

त्यानंतर ती फार बोलली नाही.

ती गेल्यावर दोन मासे मेले. मायेनं खाणं जास्त पडलं होतं. वळूला दोरीनं आडवा करणारा माणूस नखाएवढ्या जिवांना भिऊ लागला. पण हळूहळू हात बसला. आता त्याची सावली पडली तरी ते काचेशी धावत यायचे.

दुष्काळात त्यांची बादली वाटीवर आली होती आणि पेटीतलं पाणी निम्म्यावर उतरलं होतं. म्हणून टँकर वळला तसा व्हर्ननं स्वतःच्या अंगावर तांब्याभरही न घेता आधी इथं पाणी आणलं. जुनं गढूळ बादलीत काढलं आणि नळाचं ताजं घातलं. पेटी भरली, काठोकाठ, थेल्मा असताना भरायची तशी.

आणि आता ते वर आले होते.

"भूक लागली काय रे?"

पाऊस पडून गेल्यावर गुरंही अशीच खा-खा करायची. आज सण होता. त्यानं सुरीच्या टोकावर नेहमीपेक्षा थोडं जास्तच घेतलं आणि पाण्यावर भुरभुरलं. कण पसरले. एकानंही तोंड लावलं नाही. कणांमधून नुसती तोंडं उघडत राहिली.

खातील सावकाश, असं म्हणून त्यानं चहा केला, आज मोठा मग भरून. पहिला घोट घेतला आणि तो थांबला. मग नाकाशी नेला. गावातल्या पोहण्याच्या तलावाचा वास येत होता.

गावच्या पाण्यात जंतू मारायचं औषध, क्लोरीन, घालतात हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण नळ घरचा होता आणि टाकी घरची होती. त्यातलं पाणी आता आभाळाचं नाही, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

पेटीच्या तळाशी वाळूवर एक मासा कुशीला पडला होता.

व्हर्न उठला. पातेलं घेऊन नळाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. नळाला तेच पाणी. टाकीत तेच, गळ्यापर्यंत. ओढ्यात नुसते गोटे. मग त्याला पेटीतून काढलेलं जुनं पाणी आठवलं आणि तो परसात धावला. बादली पालथी होती. इतक्या दिवसांच्या सवयीनं, थेंब वाया जाऊ नये म्हणून, ते पाणी त्यानं स्वतःच्याच हातानं लिंबाच्या बुडाशी ओतलं होतं. जमिनीनं ते केव्हाच पिऊन टाकलं होतं. तरी त्यानं बोटांनी माती उकरून पाहिली.

तो परत आला तेव्हा कणांमधलं एकच तोंड हलत होतं. तो त्याच्यापाशी बसून राहिला. मग तेही हलायचं थांबलं.

ऊन कलल्यावर अंगणात गाडी वाजली. डार्सी जाळीच्या दाराशी उभा, अंगावर धूळ, चेहऱ्यावर हसू. टाकीवरचा पंप नीट ओढतोय ना ते बघायला आलो, म्हणाला. मग मान वाकडी करून त्यानं आत डोकावलं.

"थेल्माच्या पोरांना दिलंस का पाणी? टँकर भरताना बायकोला तेच म्हणत होतो. आज चैन आहे त्यांची."

व्हर्न उठला आणि पेटीकडे पाठ करून उभा राहिला. मागे हात नेऊन त्यानं पेटीवरचा दिवा मालवला.

"चांगलं पाणी आणलंस," तो म्हणाला. "ये, चहा टाकतो."

"आणि ते?"

"झोपलेत."

डार्सीनं समजून मान हलवली. दाराबाहेरच बूट काढले, दार आवाज न करता लोटलं आणि चहा होईपर्यंत, त्यांना जाग येऊ नये म्हणून, अगदी हळू आवाजात बोलत राहिला.