मागची सीट

पेट्रोलचा वास कुठून येतो ते शोधायला दस्तगीर मिस्त्रीनं जुन्या मोटारीची टाकी तोंडोतोंड भरली, डिकीतल्या रबरी पाइपाला पांढरी पावडर फासली आणि गाडी अंगणात चारदा पुढंमागं हलवली. पावडरीवर ओली रेघ उमटली.

"सापडलं, आनंदराव. टाकी भरली की इथनं झिरपतंय, आणि वास मागच्या सीटवर चढतोय. पुढं बसणाऱ्याला काय पत्ता लागायचा नाही. पत्र्यावरचा डाग बघा, ही चीर आजची नव्हं, गाडी आली तवापासनंची दिसतीय."

आनंदराव डागाकडं बघतच राहिले. लांबच्या प्रवासाला ते टाकी भरूनच निघायचे. पुढची सीट आईची. मागं बसलेली त्यांची बायको मालन घाटात हटकून ओकायची. "हिला गाडी लागते," असं आईनं ठरवून टाकलं. आई गेली, तरी ठरलेलं ठरलेलंच राहिलं. एस.टी.त मालनला कधी काही झालं नव्हतं; पण दारात मोटार असताना घरची सून एस.टी.नं कशी जाणार? चाळीस वर्षं ती फाटकातून हात हलवत राहिली. ते रत्नागिरीहून परतले की एवढंच विचारायची, "समुद्र कसा होता?"

त्यांनी तिला बोलावून डाग दाखवला, चाचरत सगळं सांगितलं. मालन आत निघून गेली.

मिस्त्री नवा पाइप आवळून हात पुसत होता, तेव्हा ती चपला घालून बाहेर आली. पुढचं दार उघडून बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"अहो, समुद्र असेल ना अजून तिथंच?"