निळ्याची कपार

तिसऱ्या नव्या माशानं पेटीबाहेर उडी मारली आणि तो पडला थेट मस्टरवर, मुंजाजी सरांच्या सहीवर. सरांनी त्याला शेपटीला धरून उचललं, बाहीनं सही टिपली आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. पेटीतला निळ्या मात्र आपल्या कपारीच्या तोंडाशी उभा होता. पुढचा कोण येतोय, ते बघत.

निळ्या म्हणजे जेमतेम सुपारीएवढा मासा. सरांचा जुना विद्यार्थी बजरंग नौदलात लागला आणि त्यानं शाळेला खाऱ्या पाण्याची ही काचेची पेटी भेट दिली. पिंगळीकडच्या पोरांनी घोटभर तरी समुद्र बघावा म्हणून. मार्च लागला की तिचं पाणी इतकं उडायचं की स्टाफरूमच्या भिंतीला मीठ फुटायचं. त्या भिंतीला टेकून जेवणाऱ्याला भाजी अळणी लागत नाही, असं शिपाई दत्ता शपथेवर सांगायचा.

निळ्याची कपार वीतभर, पण तो राखायचा सगळी पेटी. नवा मासा सोडला की ह्याचं खाणंपिणं बंद आणि पाठलाग सुरू. दोन मासे कोपऱ्यात दबून मेले. तिसऱ्यानं उडी टाकली.

सरांना हे वागणं उमजत नव्हतं. त्यांचं स्वतःचं सगळं रीतीला धरून होतं. पंख्याखालची, खिडकीजवळची खुर्ची एकवीस वर्षं त्यांची. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हे साऱ्या जिल्ह्याला मान्य. मग खुर्चीवर टाकलेल्या रुमालाला कोण नाही म्हणणार? फक्त रुमालावर नजर पाहिजे. म्हणून सर मधल्या सुट्टीत पाणी प्यायला उठत नसत. पाणीच प्यायचं नाही, म्हणजे बाहेरही जावं लागत नाही. डुलकी लागली तरी एक हात खुर्चीच्या दांडीवर असे. घरी जाईपर्यंत मान अशी आखडायची की बायकोला वाटे, शाळेत ह्यांना वजनं उचलायला लावतात.

शाळेत नवे शिक्षक टिकत नव्हते, तो भाग वेगळा. दोन वर्षांत दोघं बदली मागून गेले. तिसरी वैष्णवी, गणिताची. पहिल्याच दिवशी ती नकळत त्या खुर्चीत बसली. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, मॅडम, तुमचा रुमाल कुठाय? तेव्हापासून ती दाराजवळच्या स्टुलावर, उन्हात, मांडीवर वह्या घेऊन बसायची. तिथंही कधी खडूचा डबा, कधी कपाटाची किल्ली, सरांना नेमकं तिच्याच पायाशी काहीतरी शोधायचं असे. आता तिचा बदलीचा अर्ज मुख्याध्यापिका धम्मशीला मॅडमच्या टेबलावर येऊन पडला होता. ती गेली तर दहावीला गणित शिकवायला कोणी उरणार नव्हतं.

मस्टर ओलं झाल्याचं कळलं तशा मॅडम आल्या. त्यांनी मेलेला मासा बघितला, निळ्याला बघितलं, आणि ह्यावर काही इलाज आहे का, असं विचारलं. सरांनी तो कालच बजरंगला फोन करून विचारून घेतला होता.

"हाय ना," सर म्हणाले. "ह्याला आठ दिवस बाहेर काढायचं. तवर पेटीतले दगड हलवायचे, जुनी खूणच ठेवायची न्हाई. नव्याला आधी बसू द्यायचं. मग ह्याला आणायचं, पण एकदम सोडायचं न्हाई. पिशवीत तरंगत ठेवायचं अन् वाटी-वाटी पेटीचं पाणी घालायचं. पाण्याची सवय झाली की मग मोकळा."

"बिचाऱ्याला त्रास नाही व्हायचा?"

"त्रास आता व्हायलाय, मॅडम. लय दमलाय तो. पहारा देऊन देऊन. पोटभर खाताना मी त्याला कधी बघितलंच न्हाई."

मॅडमनी सगळं डायरीत उतरवून घेतलं. दगड कसे हलवायचे, ते दोनदा विचारलं. त्याच दुपारी निळ्याची रवानगी त्यांच्या केबिनमधल्या टबात झाली.

सोमवारी सरांच्या नावानं जिंतूरच्या प्रशिक्षणाचं पत्र निघालं. आठ दिवस, मुक्कामी. सर कुरकुरले, गुडघे दाखवले, शेवटी खुर्चीवर रुमाल अंथरला, दत्ताला नजर ठेवायला सांगितलं आणि गेले.

जिंतूरला सगळे सतरंजीवर. जिथं टेकाल ती जागा. पहिले दोन दिवस सरांना खुर्चीच दिसत होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपण चार वेळा पाणी प्यालो. त्या दुपारी ते असे घोरले की शिकवणाऱ्यानं माईक बंद केला तरी आवाज कमी होईना.

नवव्या दिवशी ते शाळेत आले आणि स्टाफरूमच्या दारातच थबकले. खिडकीजवळ कपाट होतं. टेबलं फिरवलेली होती. पंख्याखाली वैष्णवी वह्या तपासत होती, आणि तिच्या चहाच्या कपाखाली बदलीचा तो अर्ज होता, गोल डाग पडलेला. तिनं मान वर करून, या सर, म्हटलं. घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं. पेटीतले दगड हललेले होते. मधोमध एक नवा नारिंगी मासा निवांत फिरत होता, आणि वर पिशवीत निळ्या तरंगत होता.

दत्तानं सरांच्या हातात धुतलेला, घडी घातलेला रुमाल ठेवला. सवयीनं सरांचा हात रुमाल टाकायला वर गेला. कुठं टाकावा, ते कळेना.

धम्मशीला मॅडम पिशवीत वाटीनं पाणी घालत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"घाई नको, सर," त्या म्हणाल्या. "जरा दाराशीच बसा. पाण्याची सवय होऊ द्या."

सर स्टुलावर टेकले. दारातून वारा येत होता. त्यांनी रुमालाची घडी मोडली आणि घाम पुसला; एकवीस वर्षांत तो रुमाल पहिल्यांदाच त्या कामाला आला.