रातपाळीचे कोल्हे

रातपाळीहून आला की धाकू आधी लेकीला कोल्ह्यांची गोष्ट सांगायचा, मगच चहाला हात लावायचा. काल म्हणे दोन होते. तिवरांच्या झाडीतून बाहेर आले आणि दहा हातांवर उभे राहून एकटक बघत राहिले. परवा एकाचं नाक खेकड्याच्या नांगीत सापडलं, तेव्हा तर सुलक्षणा हसून हसून लोळली होती.

"बाबा, तुम्हाला भीती नाय वाटत?"

"मला कसली भीती? तेच म्हणत असतील, हा कोण येडा रोज रात्री इथं येऊन बसतो!"

स्टोव्हला पंप मारणाऱ्या मालनचा हात मध्येच थांबला.

नवऱ्याची कंपनी घाटकोपरातच होती, आग्रा रोडला. वाटेत दुकानं, हॉटेलं, उभे ट्रक आणि रात्रभर दिवे. तिवरं होती ती रुळांच्या पलीकडे, पार उलट्या दिशेला, खाडीवर.

दुपारी तो झोपल्यावर ती कंपनीपर्यंत चालत गेली. फाटकाला टाळं होतं. शेजारी चिकटवलेली नोटीस महिन्यापूर्वीची होती. ती तिने दोनदा वाचली आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

संध्याकाळी तिने रोजच्यासारखी डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली. जड लागली म्हणून धाकूने आत बघितलं.



"बॅटरी आहे. खाडीवर दिवे नसतात," मालन हलकेच म्हणाली. "आणि पाण्याच्या जवळ नका बसू हो."