दोघांची नावं

कोरोनाने ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद केल्या, आणि कांताबाईंचे अंत्यसंस्कार काशीनाथना तिथल्याच पेंडल हिलच्या घरी बसून मोबाइलवर पाहावे लागले. इंग्लंडला लेकीकडे जाताना त्या चारदा म्हणाल्या होत्या, "चला ना हो."

"तुझी ती जुनी चर्चं बघायला मी कशाला येऊ?"

आज लेकीच्या गावातल्या आठशे वर्षं जुन्या चर्चचे पाद्री काशीनाथना व्हिडिओ कॉलवर चर्च दाखवत होते. दाराजवळच्या पाहुण्यांच्या वहीत कांताबाईंचं अक्षर दिसलं. आहेराच्या पाकिटावर घालायच्या तशी त्यांनी दोघांची नावं घातली होती.

"म्हणजे तुम्हीही आला होतात?" पाद्रींनी विचारलं.

"हो," काशीनाथ म्हणाले. "आत नाही आलो. बाहेर बाकावर बसून होतो."