सात खिंडी, एक सायकल

"माणसाने आयुष्यात एकदा तरी डोंगर स्वतःच्या पायांनी जिंकावा! सात खिंडी, मी आणि माझी सायकल. तिसरं कुणी नाही!" अशी गर्जना करून निवृत्त हेडक्लार्क निघाले आणि पाचव्या मिनिटाला परत आले. हेल्मेट विसरलं होतं. मग पुन्हा आले, पंपासाठी.

त्यानंतर मात्र रोज एका खिंडीचा फोटो येऊ लागला. घामाने निथळणारे नवरोजी, हातात सायकल, मागे ढग. बायकोचा ऊर भरून येई. चौथा फोटो बघून नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, दादा एकटाच गेलाय ना? मग हे फोटो काढतंय कोण?"

बायकोने घाईघाईने चष्मा लावला. तिने चारही फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येकात नवऱ्याच्या पायाशी एक परकी सावली, डोक्यावर टोपी! तिने तडक फोन लावला. "कोण आहे ती? खरं सांगा!"

पलीकडून भलताच घोगरा, पुरुषी आवाज आला.

"ताई, मी टेम्पोवाला. पाचवी खिंड आली. सायकल खाली उतरवली, डोक्यावर ओतायला पाणीही भरून ठेवलंय, पण साहेब काही उठेनात. तुम्ही जरा हाक मारता का?"