ओव्हन तापवण्याआधी

शालनताईंनी दुधात भिजलेल्या ओट्समध्ये केळं कुस्करलं, दालचिनी भुरभुरली आणि वरून पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि तुती पसरली. केळुसकर स्वयंपाकघराच्या दारातून बायकोकडे कौतुकाने बघत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "चला, आता ओव्हन तापवू."

केळुसकर लगबगीने आत आले. लेकीने दिलेला तो ओव्हन चार वर्षांत कुणी एकदाही तापवला नव्हता. म्हणूनच तर डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलपायी तळलेलं बंद केल्यापासून त्यांचा बाकरवडीचा पुडा तिथे सुखाने नांदत होता. दिवसाला दोनच, असा त्यांचा नेम. तरी पंधरा दिवस पुरावा असा पुडा आठवड्यात संपायचा, आणि आपला जिभेवर ताबाच उरला नाही म्हणून ते मनातल्या मनात खजील व्हायचे.

"अगं, कुकरमध्ये उकड की! ओव्हन कशाला? वीज किती खातो तो!"

"हे काय मोदक आहेत उकडायला?" शालनताईंचा हात बटणाकडे गेला.

पुडा प्लास्टिकचा होता. घर पेटण्यापेक्षा बोलणी खाल्लेली बरी, असं ठरवून केळुसकर ओरडले, "थांब! आत माझी बाकरवडी आहे!"

"होती," बटण फिरवत शालनताई शांतपणे म्हणाल्या. "शेवटच्या दोन मी सकाळीच संपवल्या आणि पुडा टाकून दिला, तुम्ही फिरायला गेलात तेव्हा. आता जरा दोन बशा काढा. माझाही कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आलाय."