गोळी लागू पडली

मिल बंद पडली आणि घरी बसलेल्या अशोक रेग्यांना दुपारच्या वेळी कोणीतरी भेटायला येऊ लागलं. अचानक लख्ख उजेड व्हायचा आणि कोणी मायेनं शेजारी उभं आहे, असं वाटायचं. रेगे युनियनचे, जन्मात कधी देवळाची पायरी चढलेले नव्हते. पण तेवढ्या वेळात त्यांचे डोळे भरून यायचे.

बायको, शुभदा, घाबरली. त्यांना शहरातल्या पलासिया भागात मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"टेन्शन मत लो काकाजी," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत कानाच्या बाजूला एक भाग असतो, तिथे छोटासा झटका येतो. मग कोणी जवळ आहे असं वाटतं. गोळीनं बंद होऊन जाईल."

खरंच बंद झालं. शुभदाच्या जिवात जीव आला.

पुढच्या सोमवारी ती नेहमीसारखी महादेवाच्या देवळात गेली, तर रेगे आधीच तिथे हात जोडून बसलेले.

"अहो, आता बरं आहे ना तुम्हाला? मग इथे कसे?"



"आधी तोच यायचा गं," रेगे म्हणाले. "आता मला यावं लागतं."